छपराचं काम कोण करतं?

उघडी स्पोर्ट्‌स कार दिसली की घरातलं कुणीतरी विचारतंच, ‘उलटली तर काय?’ प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला मर्सिडीज-बेंझच्या एसएल मालिकेसारखं उदाहरण नाही, कारण साठएक वर्षं ही गाडी याच प्रश्नाशी झगडत आली आहे.

हल्ली आपण क्रॅश टेस्टचे तारे बघून गाडी ठरवतो. इथे ते फारसे कामी येत नाहीत. चाचणी करणाऱ्या संस्था मुख्यतः जास्त खपणाऱ्या गाड्या आपटून बघतात. महागड्या, मोजक्या विकल्या जाणाऱ्या गाड्यांची पाळी क्वचितच येते. ‘युरो एनकॅप’ने २०१५ मध्ये माझदा एमएक्स-५ ला ४ आणि २०१९ मध्ये बीएमडब्ल्यू झेड-४ ला ५ तारे दिले खरे, पण त्या चाचण्यांत गाडी उलटवून बघत नाहीत. अमेरिकेत छपरावर गाडीच्या वजनाच्या तिप्पट भार टाकून ताकद तपासण्याचा नियम आहे. त्यातून उघड्या गाड्यांना सूट आहे. म्हणजे ज्या अपघाताची सगळ्यांत जास्त भीती, त्याबद्दल तारे गप्पच. म्हणून अशी गाडी तोलायची तर तिची बांधणी आणि रस्त्यावरचे प्रत्यक्ष अपघात, या दोन्हींकडे बघावं लागतं.

बंद गाडीत छप्पर नुसतं ऊन-पाऊस अडवत नाही. ते सांगाड्याला पिळवटू देत नाही, गाडी उलटली तर वजन पेलतं, आणि खिडक्यांवर पडद्यासारखी उतरणारी एअरबॅगही त्याच्याच कडेत दडलेली असते. छप्पर काढलं की ही सगळी कामं दुसऱ्या कुणाला तरी वाटून द्यावी लागतात. ती कुणाकडे गेली, हे पाहणं म्हणजेच उघड्या गाडीची पारख.

१९६३ च्या २३० एसएलने सुरुवात चांगली केली. बेला बारेनी या अभियंत्याची कल्पना अशी, की माणसं बसतात तो मधला भाग कणखर ठेवायचा आणि पुढचा-मागचा भाग धक्का पचवत चेपू द्यायचा. स्पोर्ट्‌स कारमध्ये ती प्रथम आली ती इथे. पण समोरासमोरच्या धडकेचं उत्तर मिळालं, उलटण्याचं नाही. १९७१ च्या पिढीत पुढच्या काचेचे खांब बरेच भक्कम केले. तेव्हा अमेरिकेत उघड्या गाड्यांवर बंदी येणार अशी धास्ती सगळ्याच कंपन्यांना होती. तरी चालकाच्या डोक्यामागे आधार असा नव्हताच, आणि ही पिढी १८ वर्षं विकली गेली.

खरं उत्तर १९८९ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात दिसलं. नव्या एसएलमध्ये आसनांच्या मागे एक जाड, गादी चढवलेली पोलादी कमान आडवी निजलेली असे. गाडी कलंडतेय असं सेन्सरला जाणवलं की ती ०.३ सेकंदात ताठ उभी राही. एरवी बटण दाबून सावकाश वर-खाली करता येई. पोर्शने १९६५ मध्येच ९११ टार्गाला कायमची कमान बसवली होती, पण तिने गाडीचं रूप बदललं. इथे कमान लपली आणि गरजेला धावून आली. माझ्या मते त्याच गाडीतली दुसरी सोय तितकीच मोलाची होती: सीटबेल्ट दाराशेजारच्या खांबाऐवजी थेट आसनाच्या सांगाड्यात बसवला होता. आसन पुढे-मागे सरकवलं तरी पट्टा खांद्यावर नेमका बसतो. मात्र सगळा ताण आसनावर येतो, म्हणून ते मॅग्नेशियमच्या ओतीव भागांचं, विलक्षण मजबूत केलेलं होतं.

२००१ च्या पिढीत डोकं सांभाळणारी एअरबॅग दारातून वर येऊ लागली. याच पिढीवर मात्र एक डाग आहे. तिच्या ब्रेकचा दाब इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरवत असे. त्यातल्या संभाव्य दोषापायी २००४ मध्ये कंपनीने ई-क्लास आणि एसएल मिळून सुमारे ६ लाख ८० हजार गाड्या परत बोलावल्या. सुरक्षिततेचा इतिहास लिहिताना कमानीचं कौतुक करायचं आणि हे वगळायचं, हे बरोबर नाही.

आता रस्त्यावरचा अनुभव. अमेरिकेतल्या ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी’ने २०२० मध्ये निरनिराळ्या कंपन्यांच्या नव्या उघड्या गाड्यांची त्यांच्याच बंद भावंडांशी तुलना केली. मैलांच्या हिशेबाने उघड्या गाड्यांतल्या चालकांचं मृत्यूचं प्रमाण ११ टक्के कमी निघालं. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरत नाही; म्हणून ‘उघडी गाडी जास्त सुरक्षित’ असं कुणी म्हणू नये. ‘उघडी म्हणजे मरणाचा सापळा’ हा समज मात्र या आकड्यांपुढे टिकत नाही. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मला जास्त अस्वस्थ करतो: मृत चालकांपैकी गाडीबाहेर फेकले गेलेले बंद गाड्यांत १७ टक्के, तर उघड्या गाड्यांत २१ टक्के. कमान उभी राहिली, पण माणूस तिच्याखाली उरलाच नाही, तर तिचा उपयोग काय? कमानीचं सारं गणित पट्टा लावलेल्या माणसावर मांडलेलं असतं.

आपल्याकडे २०२३ मध्ये एएमजी एसएल ५५ आयात होऊन आली. हिला मागे दोन लहान आसनं आहेत. कंपनीच्या म्हणण्यानुसार ती साधारण दीड मीटर उंचीपर्यंतच्या माणसासाठी आहेत. त्याहून उंच माणसाला ‘जवळच तर जायचंय’ म्हणत तिथे कोंबू नये, आणि मुलं बसली तर गाडी हलण्याआधी त्यांचे पट्टे ओढून बघावेत.