जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी का उतरते?

ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरात नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या अनेक कुटुंबांची थोडीफार भातशेती आजही मुरबाड, शहापूर, भिवंडी या तालुक्यांत आहे. वडिलांच्या काळी घेतलेला ट्रॅक्टर अशा घरांच्या पडवीत उभा असतो. आषाढात चिखलणीसाठी तो बाहेर काढावा, तर सेल्फ मारताच नुसता ‘टक्’ असा आवाज येतो. मग घाईघाईने नवी बॅटरी आणली जाते आणि तीही पुढच्या हंगामापर्यंत मान टाकते. अखेरीस ‘ट्रॅक्टरच जुना झाला’ असा निष्कर्ष निघून तो भंगारात जातो. प्रत्यक्षात अनेकदा दोष एखाद्या झिजलेल्या कार्बन ब्रशचा किंवा गंजलेल्या अर्थच्या जोडाचा असतो.

या पिढीचे परिचित नाव म्हणजे बी-२७५. महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्या भागीदारीतून १९६३ मध्ये ‘इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया’ स्थापन झाली आणि मुंबईत कांदिवलीला हे ट्रॅक्टर तयार होऊ लागले. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्र अँड महिंद्रमध्ये विलीन झाली. त्या काळच्या ट्रॅक्टरांवर आजच्यासारखा अल्टरनेटर नसे. बॅटरी भरण्याचे काम डायनामो करी.

दोष लपतो कसा?

पेट्रोलच्या गाडीत ठिणगीसाठी सतत वीज लागते. त्यामुळे चार्जिंग बंद पडल्यास गाडी काही वेळाने थांबते. जुन्या डिझेल इंजिनाचे तसे नाही. इंधन दाबाने पेटते आणि पंप यांत्रिक असतो. एकदा सुरू झालेले इंजिन विजेवाचून दिवसभर चालते. साहजिकच चार्जिंग बंद असल्याचे चालकाला कळतच नाही. उतारावरून ढकलून ट्रॅक्टर सुरू करण्याची सवय लागली, की दोष वर्षानुवर्षे तसाच राहतो.

दुसरा गैरसमज असा, की अंगणात अर्धा तास इंजिन मंद गतीने चालू ठेवले की बॅटरी भरते. डायनामो मंद गतीला पुरेसा दाब निर्माणच करू शकत नाही. इंजिनाची गती वाढली तरच अ‍ॅमीटरचा काटा धन बाजूला सरकतो. अल्टरनेटर याबाबतीत सरस असतो. तो कमी गतीलाही वीज देतो.

आधी बॅटरी, मग बाकीचे

तपासणीची सुरुवात बॅटरीपासून करावी. साधा मल्टिमीटर पुरतो. काही तास विश्रांती घेतलेली १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी, तर ११.९ म्हणजे जवळजवळ रिकामी. भरलेल्या बॅटरीचा दाब सेल्फ मारताना साधारण साडेनऊ व्होल्टच्या खाली कोसळत असेल, तर बॅटरीच कमकुवत आहे. आतल्या पट्ट्या पाण्यात बुडालेल्या हव्यात आणि पाणी डिस्टिल्डच हवे; विहिरीच्या पाण्यातील क्षार बॅटरीचे आयुष्य घटवतात. रिकाम्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि मग ती कितीही चार्ज केली तरी पूर्ववत होत नाही.

यानंतर जोड पाहावेत. पावसाळी दमट हवेत टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर साचतो. तो गरम पाण्याने धुऊन, घासून काढावा, जोड घट्ट करावा आणि वर ग्रीस लावावे. सांगाड्याला जोडलेली अर्थची पट्टीही सोडून घासावी. रंगावर किंवा गंजावर बसलेली अर्थ हा दोष हमखास दुर्लक्षित राहतो. गोठ्याशेजारी, पेंढ्यात उभ्या ट्रॅक्टरच्या तारा उंदरांनी कुरतडलेल्या नाहीत ना, हेही पाहावे. पट्टा अंगठ्याने दाबल्यावर साधारण अर्धा ते पाऊण इंच दबला पाहिजे.

डायनामोची परीक्षा

हे सारे ठीक असूनही चार्जिंग होत नसेल, तर डायनामोकडे वळावे. त्याला ‘डी’ व ‘एफ’ अशी दोन टोके असतात. दोन्ही तारा काढून ही टोके तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडावीत. मीटरची एक तार तेथे, दुसरी सांगाड्याला लावावी आणि इंजिनाची गती अगदी हळूहळू वाढवावी. दाब झपाट्याने १४-१५ व्होल्टपर्यंत चढला, तर डायनामो निर्दोष आहे. या वेळी नियंत्रण सुटलेले असल्याने २० व्होल्टच्या पुढे जाऊ देऊ नये. काटा हललाच नाही, तर ब्रश झिजले वा अडकले असावेत. दाब एखाद्या व्होल्टवरच थांबला, तर फील्ड वाइंडिंगमध्ये आणि चार-पाच व्होल्टवर अडकला, तर आर्मेचरमध्ये दोष असण्याची शक्यता अधिक. दीर्घकाळ पडून राहिलेल्या डायनामोतील अवशिष्ट चुंबकत्वही कधी नाहीसे होते. तेव्हा ‘एफ’ टोकाची मूळ तार सुटी ठेवून तेथे बॅटरीच्या, सांगाड्याला न जोडलेल्या टोकाकडून आलेली तार क्षणभर टेकवतात. मात्र जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या काही यंत्रांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे, हे ध्यानात ठेवावे.

डायनामो चांगला असेल, तर उरतो कट-आउट आणि रेग्युलेटरचा डबा. डायनामोचा दाब सुमारे १३ व्होल्टला पोहोचला की कट-आउट त्याला बॅटरीशी जोडतो आणि इंजिन थांबले की तोडतो. त्याचे संपर्कबिंदू चिकटून राहिले, तर रात्रभरात बॅटरी उलट डायनामोतून रिकामी होते आणि तारा तापतात. याचे समायोजन मात्र अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

सावधगिरी

चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो. जवळ विडी, काडी वा ठिणगी नको. तार सोडताना प्रथम अर्थची, जोडताना ती शेवटी. ट्रॅक्टरला पुढे अल्टरनेटर बसवला असेल, तर इंजिन चालू असताना बॅटरीची तार कधीही काढू नये. आतील डायोड जळतात. निकामी बॅटरी विक्रेत्याकडेच परत करावी. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार ती अधिकृत मार्गानेच पुनर्चक्रणाला गेली पाहिजे. आतले शिसे आणि आम्ल शेतात वा ओढ्यात जाणे घातक आहे.

हंगाम संपल्यावर अर्थची तार सोडून ठेवावी आणि दर महिन्या-दीड महिन्याने बॅटरी चार्जरवर भरून घ्यावी. एवढे पथ्य पाळले आणि वैशाखातच तासभर तपासणी केली, तर ऐन चिखलणीत भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहण्याची वेळ येणार नाही.