गर्द, दारू आणि खिशाला परवडणारा उपाय

दिवाळीच्या अंकात व्यसनाचा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. परंतु वाचकहो, ज्या घरचा मुलगा व्यसनात सापडला आहे, तिथे सणासुदीला फराळाच्या आधी कपाटाच्या किल्ल्या सांभाळाव्या लागतात. त्या घरासाठी हे चार शब्द.

१९८० नंतर मुंबई-पुण्यात ब्राऊन शुगर शिरली. हे अशुद्ध हेरॉइन. लोक त्याला 'गर्द' म्हणू लागले. डॉ. अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्याला येरवड्यात 'मुक्तांगण' उभे राहिले. डॉ. अनिता अवचटांनी ते वाढविले. १९९७ साली त्या गेल्या, पण काम चालू आहे.

गर्द एकाएकी थांबविली की 'टर्की' लागते. नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, जुलाब होतात, अंग मोडून निघते. खरा धोका पुढे असतो. महिनाभर दूर राहिलेल्या माणसाने जुनीच मात्रा घेतली, तर सवय मोडलेल्या शरीराला ती सोसत नाही. श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. दारूची गोष्ट आणखी निराळी. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने ती अचानक तोडली, तर फिट येते, भ्रम होतो, प्रसंगी प्राणावर बेतते. म्हणून खोलीत कोंडणे हा उपाय नव्हे, डॉक्टर हवाच. तसेच 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिरातीला भुलून चहातून गोळी देऊ नका. तशा औषधावर तो प्याला, तर जीव जाऊ शकतो.

पैशाचे काय? सरकारी मेडिकल कॉलेजांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. तिथे अल्प खर्चात उपचार होतात. सरकारी अनुदानावर चालणारी केंद्रेही आहेत. १४४४६ या निःशुल्क क्रमांकावर त्यांची चौकशी करता येते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना तर फीच नसते. पोलिसांची धास्ती असेल, तर हेही ध्यानात ठेवा: १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानुसार, थोड्या मालाच्या प्रकरणात सापडलेल्या व्यसनी माणसाने आपण होऊन मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार पुरे केले, तर खटल्यातून सूट मिळू शकते.

मात्र केंद्र पारखून घ्यावे. नोंदणी आहे का? डॉक्टर येतात का? घरच्यांना भेटू देतात का? रुग्णाला साखळीने बांधणे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने निषिद्ध आहे. 'हमखास बरा करू' म्हणणाऱ्यापासून चार हात दूर राहावे.

घरी परतलेला माणूस पुन्हा घसरला, तरी त्याला दार बंद करू नये. मधुमेहाची साखर पुन्हा वाढली म्हणून आपण रोग्याला घराबाहेर काढतो थोडेच! त्याला पुन्हा डॉक्टरकडे न्यावे, आणि या खेपेला घरातल्या एकाने सोबत जावे.