वर्तुळातील भाषा : गॅलॉडेट विद्यापीठाचा फुटबॉल संघ आणि ‘हडल’ची प्रथा

१

क्रीडांगणाचा इतिहास हा भाषाशास्त्राच्या अभ्यासकाचा विषय नव्हे, असा सर्वसाधारण समज आहे. आणि बहुतांशी तो खराही आहे. तथापि एखाद्या खेळातील एखादी प्रथा कधीकधी भाषेच्या स्वरूपाविषयी असा प्रश्न उपस्थित करते की, तिची उपेक्षा करणे अभ्यासकास परवडत नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन येथील गॅलॉडेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा इतिहास हे याचे एक ठळक उदाहरण होय. हे विद्यापीठ कर्णबधिरांचे आहे. प्रत्येक चालीपूर्वी खेळाडूंनी वर्तुळ करून, डोकी एकत्र आणून मसलत करावयाची, ही जी ‘हडल’ नामक प्रथा आज सर्वपरिचित आहे, तिचा उगम या संघात झाला असे परंपरा सांगते. ही परंपरा कितपत ग्राह्य आहे आणि ग्राह्य असल्यास तिच्यापासून भाषाविषयक कोणता निष्कर्ष काढता येतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

येथे परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. ‘मूकबधिर’ हा रूढ शब्द या लेखात हेतुतः टाळला आहे. कारण ज्यास भाषा आहे तो मूक नव्हे, हेच पुढील विवेचनाचे सार आहे. तसेच कर्णबधिरांच्या भाषेस ‘सांकेतिक भाषा’ न म्हणता ‘खूणभाषा’ म्हटले आहे. कारण ‘संकेत’ हा शब्द आपणांस निराळ्या अर्थाने, म्हणजे काही व्यक्तींनी आपसांत ठरविलेली गुप्त परिभाषा या अर्थाने, राखून ठेवावयाचा आहे.

२

प्रथम खेळाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. अमेरिकन फुटबॉल हा रग्बीपासून उद्भवला, परंतु इ. स. १८८० साली वॉल्टर कॅम्प यांच्या पुरस्कारामुळे त्यात एक मूलगामी फरक झाला. चेंडूसाठी अखंड झोंबाझोंबी करण्याऐवजी, एका संघाच्या ताब्यात चेंडू निर्विवादपणे द्यावयाचा आणि दोन्ही संघांनी समोरासमोर रांगा धरल्यानंतर तो मागील खेळाडूकडे देऊन चाल सुरू करावयाची, असा नियम झाला. १८८२ साली ठराविक चालींत ठराविक अंतर काटण्याचे बंधनही आले. परिणामी हा खेळ अनेक छोट्या चालींचा झाला आणि दोन चालींमध्ये विराम निर्माण झाला. या विरामात पुढील चाल ठरवावी लागते आणि ती अकराही खेळाडूंस कळवावी लागते. पण प्रतिपक्षास मात्र ती कळता कामा नये. कळवावयाचे आणि लपवावयाचे, या दुहेरी गरजेतून या खेळाची सारी निरोपपद्धती घडली आहे.

श्रवणक्षम संघांनी या गरजेवर योजलेला उपाय म्हणजे संकेत. संघाचा सूत्रधार, ज्यास क्वार्टरबॅक म्हणतात, तो काही आकडे व शब्द मोठ्याने उच्चारी. ते प्रतिपक्षाच्याही कानी पडत. परंतु त्यांचा अर्थ केवळ स्वपक्षास ठाऊक असे. वर्तुळ करण्याची गरज अशा संघास सहसा भासत नसे. आवाज उघडा, अर्थ मात्र झाकलेला, असा हा व्यवहार होता.

३

गॅलॉडेट संस्थेचा प्रारंभ इ. स. १८५७ मध्ये झाला. एमॉस केंडॉल यांनी दिलेल्या जागेवर निघालेल्या या शाळेचे पहिले अधीक्षक एडवर्ड माइनर गॅलॉडेट हे होते. १८६४ साली अध्यक्ष लिंकन यांच्या स्वाक्षरीने संस्थेस पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. १८९४ मध्ये महाविद्यालयास टॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट यांचे नाव देण्यात आले. हे एडवर्ड यांचे वडील व अमेरिकेतील कर्णबधिर-शिक्षणाचे एक आद्य प्रवर्तक होत. संस्थेस विद्यापीठाचा दर्जा १९८६ साली प्राप्त झाला.

संघाची परंपरा १८८३ पासून सांगितली जाते. या काळाकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. अवघ्या तीन वर्षांपूर्वी, १८८० साली, मिलान येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने कर्णबधिरांच्या शिक्षणात खुणांऐवजी मौखिक पद्धतीचाच अवलंब करावा, असा ठराव बहुमताने केला होता. एडवर्ड गॅलॉडेट यांनी त्यास विरोध केला; पण तो विफल ठरला. १८८३ सालीच अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी आपला एक प्रसिद्ध निबंध विद्वानांपुढे वाचला. कर्णबधिरांच्या निराळ्या शाळा, त्यांचा परस्पर सहवास आणि खुणांचा वापर यांमुळे त्यांचे परस्परांत विवाह होऊन मानवजातीची एक बधिर शाखा निर्माण होईल, अशी भीती त्यांत व्यक्त केली होती. सारांश, खूणभाषेच्या अस्तित्वावरच घाला पडत असताना हे विद्यार्थी मैदानात उतरले.

त्यांच्यापुढील अडचण श्रवणक्षमांच्या अडचणीच्या नेमकी उलट होती. उच्चारित आकडे त्यांना निरुपयोगी. सूत्रधार हातांनी चाल सांगे; पण हात सर्वांनाच दिसतात. प्रतिपक्ष अन्य कर्णबधिर शाळेचा असेल, तर त्यास ती चाल तत्काळ उमगे. इ. स. १८९४ च्या सुमारास पॉल हबर्ड नामक क्वार्टरबॅकने यावर उपाय काढला. त्याने सहकाऱ्यांस आपल्याभोवती दाटीने उभे केले आणि शरीरांच्या त्या भिंतीआड हातांनी चाल सांगितली. हबर्ड पुढे कॅन्सस राज्यातील कर्णबधिरांच्या शाळेत शिक्षक झाला आणि तेथेही त्याने हा खेळ रुजविला.

या प्रथेचे जनकत्व इतरांसही देण्यात येते, हे नमूद करणे प्राप्त आहे. शिकागो विद्यापीठाचे एमॉस अलोन्झो स्टॅग व इलिनॉय विद्यापीठाचे रॉबर्ट झुप्की यांची नावे या संदर्भात घेतली जातात. प्रेक्षकांच्या कोलाहलात आकडे ऐकू येईनासे झाल्यावर श्रवणक्षम संघांनाही वर्तुळाचा आश्रय घ्यावा लागला आणि १९२० नंतर ही प्रथा सार्वत्रिक झाली. एकच युक्ती अनेकांस स्वतंत्रपणे सुचणे अशक्य नाही. म्हणून ‘प्रथम कोण?’ या वादापेक्षा ‘का?’ हा प्रश्न आपणांस अधिक फलदायी आहे. गॅलॉडेटच्या बाबतीत ही गरज सर्वांत निकडीची होती, याविषयी मतभेद होण्याचे कारण नाही.

४

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जो संकेत गुप्त आहे तो उघडपणे उच्चारता येतो. कारण त्याचा अर्थ कोणास लागत नाही. आडोसा लागतो तो ज्याचा अर्थ इतरांस लागतो अशा बोलण्यास. हबर्डच्या संघाचे हातवारे ही केवळ त्या अकरा जणांनी ठरविलेली खूणगाठ असती, तर भिंतीची गरज पडली नसती. ती पडली, कारण दूरच्या गावच्या, कधी न भेटलेल्या कर्णबधिर खेळाडूसही ते हात वाचता येत होते. म्हणजेच हा व्यवहार एका गटापुरता नव्हता; त्यामागे एक विस्तृत भाषिक समाज उभा होता.

यावर असा आक्षेप घेता येईल की, त्यांनी खुणांचाही गुप्त संकेत का बनविला नाही? तसा तो बनविता आला असता. पुढे अनेक संघांनी तसे केलेही आहे. परंतु संकेताने पूर्वनिश्चित चालींपैकी एक निवडता येते. ऐन वेळी नवी चाल रचणे, तिची कारणे सांगणे वा शंका विचारणे हे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. ते केवळ भाषेलाच साधते. वर्तुळाच्या आत या सर्वांस वाव होता. अर्थात हा तर्क आहे, प्रत्यक्ष पुरावा नव्हे. त्यास तितकेच महत्त्व द्यावे.

प्रत्यक्ष पुरावा मात्र त्याच संस्थेतून आला. १९५५ साली इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून तेथे आलेले विल्यम स्टोको यांनी १९६० मध्ये अमेरिकन खूणभाषेच्या रचनेवरील आपला प्रबंध प्रसिद्ध केला. प्रत्येक खूण ही अखंड चित्र नसून, हाताचा आकार, त्याचे स्थान व त्याची हालचाल या मर्यादित घटकांच्या संयोगाने ती सिद्ध होते, असे त्यांनी दाखविले. ध्वनिभाषेत जे कार्य वर्ण करतात तेच येथे हे घटक करतात. १९६५ साली डोरोथी कॅस्टरलाइन व कार्ल क्रोनबर्ग या दोन कर्णबधिर सहकाऱ्यांसमवेत त्यांनी या तत्त्वावर कोशही रचला. हबर्डच्या वर्तुळापासून स्टोकोंच्या प्रबंधापर्यंत ६६ वर्षे लोटली. खेळाडूंस जे व्यवहारात ठाऊक होते, ते शास्त्राने मान्य करण्यास एवढा अवधी लागला.

५

संघाचा पुढील इतिहास थोडक्यात सांगता येईल. मैदानाच्या कडेला मोठा ढोल वाजवून त्याच्या कंपनांवर चाल सुरू करण्याची पद्धत येथे प्रसिद्धीस आली. मधली काही वर्षे संघ केवळ हौशी पातळीवर खेळला. २००७ साली तो राष्ट्रीय महाविद्यालयीन संघटनेच्या तिसऱ्या श्रेणीत परतला आणि २०१३ मध्ये प्रथमच त्या श्रेणीच्या बाद फेरीत पोहोचला. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी या संघाच्या क्वार्टरबॅकने असे शिरस्त्राण वापरले की, प्रशिक्षकाने निवडलेली चाल त्यातील भिंगावर अक्षरांत उमटे. ऐन वेळी चाल बदलण्यास या खेळात ‘ऑडिबल’, म्हणजे ‘श्राव्य’, असे म्हणतात. गॅलॉडेटचा सूत्रधार ही ‘श्राव्य’ आज्ञा हातांनी देतो. परिभाषेने गृहीत धरलेला कान येथे अनावश्यक ठरतो.

विद्यापीठाच्या कारभारातही हाच प्रश्न अखेर ऐरणीवर आला. मार्च १९८८ मध्ये श्रवणक्षम अध्यक्षाची निवड होताच विद्यार्थ्यांनी आठवडाभर संस्था बंद पाडली आणि आय. किंग जॉर्डन हे पहिले कर्णबधिर अध्यक्ष झाले. पदव्या देण्याचा अधिकार मिळाल्यापासून १२४ वर्षांनी हे घडले.

आपणांस यातून काय घ्यावयाचे? क्रिकेटच्या मैदानावरील हडल आपल्याकडे २००३ च्या विश्वचषकापासून घरोघरी पोहोचले. त्यामागील हात मात्र अपरिचित राहिले. गॅलॉडेटच्या अभ्यासकांनी १९७० नंतरच्या दशकात दिल्ली, कलकत्ता, बंगलोर व मुंबई येथील खुणांची पाहणी केली. त्यांत मदन वसिष्ठ हे भारतीय कर्णबधिर संशोधक होते. भारतीय खूणभाषेच्या संशोधनासाठी केंद्रीय संस्था २०१५ साली स्थापन झाली. परंतु मुंबईच्या खुणा आणि विदर्भाच्या, मराठवाड्याच्या वा कोकणाच्या खुणा यांत साम्य किती आणि भेद किती, हा मराठी प्रदेशातील भाषाविभागांपुढील प्रश्न आहे. बोलींच्या पाहणीसाठी आपण गावोगाव हिंडतो, तेथील वृद्धांचे उच्चार टिपून घेतो. त्याच गावात दोन कर्णबधिर माणसे पारावर बसून हातांनी बोलत असतील, तर त्यांच्यापाशीही थांबावयास हवे. तेथे आडोसा नाही. पाहणाऱ्याची दृष्टी तेवढी हवी.