थंडी खाणारा लसूण

लसूण दिवाळीच्या सुमारास लावून टाका, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. खत कोणतं, कुंडी केवढी, हे प्रश्न नंतरचे. लसणाला हवी असते थंडी, आणि ती विकत मिळत नाही. आमच्या निफाडला ती भरपूर पडते. काही पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो आणि द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात. त्यांच्या जिवाला घोर लागलेला असतो, त्याच दिवसांत माझ्या परसातला लसूण जोम धरतो.

माझ्याकडचंच बियाणं चिपळूणच्या बहिणीनं लावलं. पात सुरेख आली, पण उपटल्यावर निघाले अखंड गोल गोटे. "ताई, याला पाकळ्याच नाहीत गं!" तिचा फोन. तिनं काळजीत काही कमी केलं नव्हतं. पुरेशी थंडी मिळाली नाही, तर गड्ड्यात पाकळ्या पडत नाहीत. लागवड फार लांबली किंवा पाकळी अगदी बारीक असली, तरी असाच एकपाकळी लसूण होतो. खायला तो उत्तम असतो, सोलायलाही सोपा. पण भरल्या गड्ड्याचा आनंद वेगळा.

लसूण पाकळीपासूनच वाढवतात, त्यामुळे पाकळी कुठली हे महत्त्वाचं. बाजारात हिमाचल-काश्मीरकडचा टपोऱ्या पाकळ्यांचा लसूण दिसतो आणि लावायचा मोह होतो. तो लावू नये. त्या जातींचा गड्डा लांब दिवसांत भरतो, आणि आपल्याकडे हिवाळ्यात दिवस जेमतेम अकरा तासांचा. नुसती पात वाढत राहते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची गोदावरी किंवा राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची भीमा ओंकार, भीमा पर्पल अशा आपल्या हवेतल्या जाती घ्याव्यात. नाहीतर गावातल्या शेतकऱ्याकडून त्याच्याच शेतातले चार गड्डे आणावेत.

गड्डा लावायच्या दिवशीच फोडावा. बाहेरच्या ठसठशीत पाकळ्या सालीसकट, मुळाची चपटी बाजू खाली करून, साधारण दोन सेंटिमीटर खोल खोचायच्या. दोन रोपांत दहा सेंटिमीटर, दोन ओळींत पंधरा. मधल्या किडमिड्या पाकळ्या मी टाकत नाही. त्या एका पसरट टबात दाटीनं लावते, फक्त पातीसाठी. ही पात, हिरवी मिरची आणि जाड मीठ एकत्र ठेचलं की बाजरीच्या भाकरीला दुसरं काही लागत नाही. वाफ्यातल्या पातीला मात्र कात्री लावायची नाही. पानं जेवढी जोमदार, तेवढा गड्डा मोठा. ताजी कोवळी पात समोर असताना हात आवरणं कठीण जातं, म्हणून तर तो टब.

मुळं उथळ असतात, त्यामुळे पाणी थोडं थोडं द्यावं. चिखल झाला की सड लागते. पानांवर चंदेरी-पांढरे चट्टे दिसले तर ते फुलकिडे. निंबोळी अर्क फवारते मी, संध्याकाळी. शेणखत लावणीच्या आधी मातीत मिसळलेलं असावं. दोन महिने उलटल्यावर नत्राचं खत देऊच नये. उशिरा नत्र मिळालं तर तयार होत आलेल्या पाकळ्यांना पुन्हा कोंब फुटतात आणि सगळा गड्डा विस्कटतो.

चार-सव्वाचार महिन्यांनी पानं पिवळी पडतात. त्याआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडायचं. काढलेला लसूण पातीसकट सावलीत वाळवायचा, मग जुड्या बांधून हवेशीर जागी टांगायचा. पात लगेच कापली तर गड्डा लवकर सुकतो.

बहिणीला मी आता लसूण फक्त पातीसाठी लावायला सांगितलंय. गड्ड्यांच्या वाफ्यात तिनं सांबाराचे छोटे कांदे लावले. तमिळनाडूत पेरंबलूर, दिंडुक्कलकडे याची मोठी शेती आहे, आणि थंडीवाचून याचं काही अडत नाही. याचा अख्खा कांदाच लावायचा, पण पुरा गाडायचा नाही. शेंडा मातीच्या वर राहू द्यायचा. दोन-सव्वादोन महिन्यांत एकाभोवती पाच-सहा कांद्यांचा झुबका झाला. त्यातले मध्यम आकाराचे, घट्ट मानेचे तिनं पुढच्या लावणीसाठी बाजूला काढलेत. बाकीचे सांबारात आणि सुक्या जवळ्यात संपले.