भाषणाची भीती मोजून पाहा

१४ एप्रिलला भाषणासाठी नाव पुकारले की घसा कोरडा पडतो, पाय लटपटतात. आंबेनळी घाटाखालच्या वस्त्यांत अशी हुशार मुले मी पाहिली आहेत.

ही भीती मोजता येते. अमेरिकेतील जेम्स मॅक्रॉस्की यांनी १९७० मध्ये ३४ विधानांची प्रश्नावली दिली. प्रत्येक विधान किती पटते, त्यावर १ ते ५ गुण. धीराच्या विधानांचे गुण उलटे धरतात. बेरीज ३४ ते १७० येते: ९८ च्या खाली भीती कमी, १३१ च्या वर जास्त, मधली मध्यम.

रक्तदाब यंत्र सांगते. इथे आपणच सांगायचे. म्हणून मुलाला एकट्याने भरू द्या, कागद चारचौघांत वाचू नका. लाजेने उत्तर बदलले तर आकडा खोटा ठरतो.

हा आकडा भीतीचा आहे, हुशारीचा नाही; आजाराचे निदानही नाही. गुण जास्त आले म्हणून वक्त्यांच्या यादीतून नाव काढू नका. आधी घरात, मग विहारात पाचजणांपुढे बोलू द्या. महिन्याने तीच प्रश्नावली पुन्हा भरा. झोप, जेवण, शाळा बिघडत असेल तर डॉक्टरांना दाखवा किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.

२० मार्च १९२७ रोजी महाडला आपण पाण्याचा हक्क बजावला. आज ग्रामसभेत नळ मागताना शब्द घशात अडकू नयेत.