बांधावरची बोरी आणि पाण्याचा हिशेब

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण मागे पडलं की पळसदेव येतं. एका अंगाला उजनीचं पाणी, दुसऱ्या अंगाला ऊस. जुनं गाव धरणाच्या पोटात गेलं; पाणी फार खाली उतरलं की पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं. १९८० मध्ये धरण पुरं झालं आणि भीमाकाठची जिरायत बघता बघता बागायत झाली. बांध बारीक होत गेले तशी बांधावरच्या बोरीला जागा उरली नाही.

वास्तविक या खोऱ्याशी तिची ओळख उसाहून कितीतरी जुनी. भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत धान्याबरोबर बोराच्या जळक्या आठोळ्याही सापडल्या.

इंदापूर तालुका पर्जन्यछायेतला. वर्षाचा पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास. उसाला त्याच्या तीन-चार पट पाणी लागतं. बोरीनं मात्र आपलं वर्षच या पावसाला बेतून आखलंय. चैत्र-वैशाखात ती पानं झाडून निवांत होते. पानंच नाहीत म्हटल्यावर बाष्पावाटे पाणी उडणार कुठून? पाऊस पडला की नवी फूट येते, त्याच फुटीवर भाद्रपद-आश्विनात हिरवट-पिवळा बारीक फुलोरा धरतो आणि फळं थंडीत पिकतात. जमिनीतली ओल सरायच्या आत बाईचा संसार आटोपलेला असतो! सोटमूळ मुरमात खोल उतरतं, पानाच्या खालच्या अंगाला पांढुरकी दाट लव असते, तीही ओलावा राखते. फळ चालू वर्षाच्या फुटीवरच येतं, म्हणून छाटणी ऐन उन्हाळ्यात करायची. बाहेरच्या माणसाला ती क्रूर वाटते, पण झाड तेव्हा झोपलेलं असतं.

फुलोऱ्याला उग्र वास येतो. त्यावर माश्या आणि मधमाश्या घोंघावतात, आणि त्यांची गरजही असते, कारण बोरीच्या अनेक जाती स्वतःच्याच परागावर नीट फळत नाहीत. शेजारी दुसऱ्या जातीचं झाड असलं की फळधारणा सुधारते. सगळा बाग एकाच जातीचा लावणाऱ्यानं हे आधी ध्यानात घ्यावं.

जुन्या घरांत या झाडाचं काहीच वाया जात नसे. पाला शेळ्यांना, काटेरी फांद्या कुंपणाला, टणक लाकूड औतकाठीला आणि चुलीला. बोरं संक्रांतीच्या सुगडात आणि तान्ह्याच्या बोरन्हाणात. उरलेली वाळवून कुटायची, की आंबट-गोड बोरकूट तयार. ताज्या बोरात क जीवनसत्त्व संत्र्यापेक्षा जास्त असतं, पण त्याची जाहिरात कोण करणार? पळसावर पोसला जाणारा लाखेचा किडा बोरीवरही वाढतो. इकडे कुणी लाख घेत नाही. तो धंदा गोंदियाकडचा.

पैशाच्या बाजूनं पाहिलं तर १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि कोरडवाहू रानात उमराण, कडाका अशा कलमी बोरांच्या बागा उभ्या राहिल्या. अलीकडं मोठ्या फळाचं ॲपल बोर आलं. दिसायला देखणं, चवीला पाणचट, असं माझं मत. एसटी स्टँडवर मापानं मिळणाऱ्या गावठी बोराची आंबटगोडी त्याला नाही. सगळ्यांचं फळ एकदमच बाजारात आलं की त्याचा दर कोसळतो, हेही आहेच. एकरी उत्पन्नाच्या तक्त्यात बोर उसापुढं टिकत नाही, हे खरं. पण तो तक्ता पाणी फुकट धरतो. दर हजार लिटर पाण्यामागं किती रुपये पडले, असा रकाना त्यात घातला, तर पावसावर पिकणाऱ्या बोरीकडं आपण वेगळ्या नजरेनं पाहू.

त्यासाठी नवी बाग लावायलाच हवी असं नाही. बांधावरची जुनी गावठी बोरी एप्रिल-मेमध्ये बुंध्याजवळ छाटावी, फुटलेल्या धुमाऱ्यांतला जोमदार तेवढा राखावा आणि पावसाळ्याच्या तोंडाला त्यावर चांगल्या जातीचा डोळा भरावा. मुळं आधीच खोल गेलेली असल्यानं रोपाला पाणी घालत बसायचं काम उरत नाही. मग सांभाळायचं ते भुरी रोगाला आणि बोरमाशीला. माशीची अळी फळातून बाहेर पडून झाडाखालच्या मातीत कोष करते. उन्हाळ्यात ती माती खणून उलटी केली, तर ऊन आणि पाखरं मिळून बऱ्याच कोषांचा निकाल लावतात आणि फवारणीचा खर्चही कमी होतो.