दुखणे आपले, नोंदही आपली

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कात्रजच्या आमच्या वस्तीत रविवारची वंदना झाली आणि महिला मंडळाची बैठक बसली. एका मावशींनी नातवाचा फोन आमच्यापुढे धरला. म्हणाल्या, “सिस्टर, हे रोज सकाळी विचारतंय. ताप आहे का, जुलाब आहेत का, अंग दुखतंय का. कॉलेजची पोरं येऊन टाकून गेली, अभ्यासाला पाहिजे म्हणे. भरू का नको? भरलं आणि उद्या रेशनवरचं नाव उडालं तर?”

काही जणी हसल्या. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. वस्तीत फॉर्म भरून घेणारे पुष्कळ येतात. त्या फॉर्मचे पुढे काय झाले, हे सांगायला परत कोणी येत नाही. आम्ही मावशींना म्हटले, “आठ दिवस थांबा, बघून सांगतो.” ते बघताना जे समजले, ते सगळ्या घरांच्या उपयोगाचे आहे म्हणून इथे लिहीत आहोत.

एकाचे दुखणे आणि शंभराची नोंद

आपल्या घरात एकाला जुलाब झाले तर आपण म्हणतो, बाहेरचे काही खाल्ले असेल. शेजारच्या गल्लीत दोघांना झाले, तेही तेच म्हणतात. पण हे सगळे एका ठिकाणी तारखेसह लिहिले गेले, तर दिसते की सगळे एकाच टाकीचे पाणी पितात. लक्षणांची नोंद करायची ती यासाठीच.

आपल्यापासून फार लांब नसलेल्या सिंहगड रस्त्याचे उदाहरण घ्या. जानेवारी २०२५ मध्ये तिथे गुलेन बारी सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती चुकून आपल्याच नसांवर हल्ला करते. पायांना मुंग्या येतात, शक्ती जाते, अशक्तपणा वर चढत जातो, काहींना श्वास घेणेही जमत नाही. बऱ्याच रुग्णांना त्याआधी काही दिवस ते काही आठवडे जुलाब झालेले असतात. पुणे परिसरात रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली आणि काही जण दगावले.

रुग्ण वेगवेगळ्या दवाखान्यांत होते. त्यांचे पत्ते एकत्र केल्यावर नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, धायरी या भागांकडे बोट गेले. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला. हे दोन्ही दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरू शकतात. मग विहिरीच्या पाण्याची तपासणी, क्लोरीन, घरोघर सर्वेक्षण हे सगळे सुरू झाले. आता विचार करा, नस धरण्याआधीचे ते साधे जुलाब कोणी रोजच्या रोज लिहीत असते, तर? पाण्याकडे लक्ष आणखी लवकर जाऊ शकले असते. फोनमधले लक्षणांचे ॲप हेच काम करू पाहते.

ॲपने काय साधले

कोरोनाच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, इंग्लंडमध्ये किंग्ज कॉलेज लंडनचे संशोधक आणि झोई नावाची कंपनी यांनी असे एक ॲप काढले. लोक रोज एका मिनिटात भरायचे: आज बरा आहे, किंवा आज हे हे होते आहे. लाखो लोकांच्या नोंदी आल्यावर दिसले की वास आणि चव जाणे हे कोरोनाचे ठळक लक्षण आहे. तेव्हा तिथल्या सरकारी यादीत फक्त ताप आणि खोकला होता. १८ मे २०२० रोजी वास-चव जाणे त्या यादीत आले. घरी बसलेल्या साध्या माणसांच्या नोंदीचाही त्यात वाटा होता.

पण यात एक खोट आहे, आणि ती थेट आपल्याशी संबंधित आहे. ज्याच्या हातात स्मार्टफोन, ज्याला वेळ, ज्याला ती भाषा वाचता येते, त्याचीच नोंद होते. त्या ॲपमध्येही गरीब भागांतले लोक कमी होते. आपल्याकडे तर एका घरात एक फोन, तोही कर्त्या माणसाबरोबर कामावर जातो. मग धुणीभांडी करणाऱ्या ताईंचा ताप कुठे लिहिला जाणार?

मोजदाद झाली नाही तर काय होते, हे पुण्याने पाहिले आहे. २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये शहरातल्या पाच प्रभागांत १,६६४ जणांचे रक्त तपासले गेले. ५१.५ टक्के लोकांना कोरोना होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या. लोहियानगर-कासेवाडीत हे प्रमाण ६५.४ टक्के होते. सार्वजनिक शौचालय वापरणाऱ्यांत ते घरचे शौचालय असणाऱ्यांपेक्षा बरेच जास्त निघाले. म्हणजे वस्तीत आजार आधीच फिरून गेला होता, आणि सरकारी आकड्यात त्यातला थोडाच भाग होता. आकड्यात नसलेल्या दुखण्यासाठी टाकी धुतली जात नाही, डॉक्टरही वाढवून मिळत नाही.

मावशींची भीती खोटी नाही

तरीही आम्ही कोणाला “डोळे झाकून भरा” असे सांगणार नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात सोल्जर घरात शिरून रुग्ण शोधत होते. लोकांनी काय केले? आजारी माणसे लपवली. जबरदस्तीने माहिती मिळत नाही, ती दडते. त्याच प्लेगमध्ये सावित्रीमाई रुग्णांजवळ गेल्या. मुंढव्याच्या एका अस्पृश्य मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले आणि त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. माहिती घ्यायला येणाऱ्याने आधी सेवेला यावे, हे आपण त्यांच्याकडूनच शिकलो.

आपल्या काळातही एप्रिल २०२० मध्ये आरोग्य सेतू ॲप आले. त्यात लक्षणे विचारली जात, शिवाय फोनचे ब्लूटूथ आणि ठिकाण वापरले जाई. कामावर जाणाऱ्यांना ते सक्तीचे केले, त्यावर आक्षेप आले, मग सक्ती सौम्य झाली. आणि हे लक्षात ठेवा: २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, तो संविधानाच्या कलम २१ मध्येच आहे. आपले दुखणे ही आपली खासगी गोष्ट आहे. ती कोणाला द्यायची, हे आपण ठरवायचे.

भरण्याआधी पाच प्रश्न विचारा

१. तुम्ही कोण, कोणत्या संस्थेचे? संशोधनाला नैतिकता समितीची मंजुरी आहे का? तिचा कागद दाखवा.

२. आमचे नाव, पत्ता, फोन नंबर कोण पाहणार? माहिती दुसऱ्या कोणाला देणार का?

३. मध्येच बंद करायचे असेल तर कसे करायचे? “नाही” म्हणण्याचा आणि नंतर माघार घेण्याचा हक्क आपल्याला आहे. त्यामुळे उपचार किंवा रेशन अडता कामा नये.

४. संमतीचे पान मराठीत आहे का? वाचता येत नसेल त्याला वाचून दाखवणार का?

५. निष्कर्ष आम्हाला कधी, कुठे सांगणार?

आणखी एक. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून कोणतेही ॲप टाकू नका. लक्षणे लिहायला बँकेचा ओटीपी लागत नाही, फोनमधले फोटो आणि नंबरही लागत नाहीत. ॲप ते मागत असेल तर “नाही” दाबा.

भरायचे ठरवले तर

ज्या दिवशी काही होत नाही, त्या दिवशीही “बरे आहे” असे भरा. फक्त आजाराचे दिवस लिहिले तर किती जणांत किती आजारी, हे कळत नाही. घरातल्या प्रत्येकाची नोंद वेगळी ठेवा, सासूबाईंचा ताप सुनेच्या नावावर नको. लक्षण कधी सुरू झाले ती तारीख लिहा. पाणी कुठले प्यायले, नळाचे, टँकरचे की जारचे, हे विचारले नसले तरी आपल्याकडे लिहून ठेवा. अंदाजाने भरू नका.

स्मार्टफोन नसेल तर भिंतीवरचे कॅलेंडर पुरते. तारखेच्या चौकोनात ज्याला त्रास झाला त्याचे नाव आणि एक शब्द: ताप, जुलाब, उलटी, खोकला. एका गल्लीत दोन-तीन दिवसांत चार-पाच घरांत तोच शब्द दिसला की आशाताईंना आणि महापालिकेच्या दवाखान्याला कळवा आणि पाणी तपासायला सांगा.

ॲप म्हणजे डॉक्टर नव्हे, हे मात्र विसरू नका. जुलाबात लघवी कमी झाली, मूल मलूल पडले, धाप लागली, पायातली शक्ती गेली, गिळता येईना, तर फोनवर बोटे फिरवत बसू नका. १०८ ला फोन करा, रुग्णालय गाठा. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या.

मग मावशींचे काय झाले?

आम्ही त्या ॲपचे संमतीचे पान उघडले. ते इंग्रजीत होते. पुढच्या रविवारी त्या मुलांना बैठकीला बोलावले आणि पाचही प्रश्न विचारले. तीन प्रश्नांची उत्तरे त्यांनी नीट दिली. मराठी पानाचा आणि निष्कर्षाचा प्रश्न आला तेव्हा एकमेकांकडे बघू लागले. मुले चांगली होती, त्यांना असे कोणी विचारलेच नव्हते. पंधरा दिवसांनी ती मराठी पान घेऊन आली. निष्कर्ष वस्तीत येऊन सांगू, असे त्यांनी लिहून दिले. रेशनकार्डाचा नंबर ॲपमध्ये कुठेच मागितलेला नाही, हे मावशींनी नातवाकडून प्रत्येक पान उघडून स्वतः पाहून घेतले.

काही घरांनी भरायचे ठरवले, काहींनी नाही. दोघांचाही निर्णय योग्यच, कारण तो विचारून घेतलेला आहे. मावशी आता रोज सकाळी नातू कॉलेजला निघायच्या आधी त्याला थांबवतात आणि घरातल्या पाच जणांचे भरून घेतात. आणि कॅलेंडरवरही लिहितात. म्हणतात, “पोरं गेली तर ॲप जाईल, कॅलेंडर माझ्या भिंतीवर राहील.”

त्यांनी सांगितलेली तारीख आमच्या वहीतही लिहिलेली आहे. त्या तारखेला निष्कर्ष आले नाहीत, तर आम्ही विचारायला जाऊ.

जय भीम.